आप्पांच्या दाताची पट्टी

आप्पांचा समोरचा वरचा दात तुरीच्या दाण्यानं मोडला असं आम्ही सगळ्यांना सांगायचो, पण ते खरं नव्हतं. तुरीतल्या खड्यानं मोडला. दाणा कितीही वाळला तरी माणसाचा दात मोडण्याएवढा माज त्याला नसतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका अडत दुकानात ते सौदे पुकारायचे. शेतकरी माल आणून ढीग घालायचा, खरेदीदार भोवती जमायचे, आणि आप्पा ढिगापाशी उभे राहून भाव चढवत न्यायचे. त्याआधी एक काम असायचं. ढिगातला एक दाणा उचलायचा, समोरच्या दातांत धरायचा आणि फोडायचा. चिवट दबला तर माल ओला, कट्‌ वाजला तर वाळलेला. वीस वर्षं आप्पांनी ओल अशीच पाहिली. यंत्रं नंतर आली, आणि ती आप्पांच्या दाताइतकी खरी होती का, याची मला अजून शंका आहे.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याच्या नावावर नवा रंग फासला होता, आणि ऊन पडलं की खालची अक्षरं अजून दिसायची. गावात साहेब आले, जीपगाड्या आल्या, सगळ्यांना वाटलं आता लातूर कुठल्या कुठं जाणार. आणि नेमकी दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. टँकर आला की आमच्या गल्लीत घागरींची रांग लागायची आणि शहाण्या शहाण्या बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. त्यात माझी अव्वा, म्हणजे आईही असायची, खोटं कशाला सांगू.

अव्वानं त्या वर्षी म्हैस विकली. कडबा मिळेना, मिळाला तर परवडेना, आणि म्हशीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. विकली त्या दिवशी अव्वा जेवली नाही. पैसे तिनं जुन्या पातळाच्या तुकड्यात बांधून पेटीच्या तळाशी ठेवले आणि सगळ्यांना बजावलं, "हे पैशे न्हाईत. ही म्हैस हाय. पाऊस पडला की ही परत गोठ्यात उभी राहणार. कुणी हात लावायचा न्हाई." आम्ही पेटीला 'गोठा' म्हणायला लागलो.

तर खडा. त्या साली तूर बारीक आणि कडक होती, आणि शेतातली सगळी धूळमाती पोत्यात आलेली. आप्पांनी दाणा म्हणून खडा दातात धरला, कट्‌ वाजलं, आणि ते म्हणाले, "लई वाळलीय." मग तोंडातून लाल थुंकी पडली तेव्हा कळलं काय वाजलं ते. दात हिरडीला लागून तुटला होता. वरचा तुकडा आप्पांनी खिशात घालून घरी आणला. अव्वानं तो तुळशीच्या कुंडीत पुरला, कशासाठी ते तिलाच ठाऊक.

दुखायचं थांबलं, पण खरी अडचण पुढंच होती. आप्पांचा 'सात' गेला.

हे नीट सांगते. पूर्वी मोंढ्यात भाव रुमालाखाली ठरायचा. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा आणि खालून एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच. बाकीच्यांना काही कळायचं नाही, शेतकऱ्याला तर मुळीच नाही. पुढं ते बंद झालं आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं भाव बोलायची पद्धत आली. आप्पांचा आवाज खणखणीत, म्हणून मालकांनी त्यांना पुकारायला लावलं. त्यांचा पगार, त्यांची मोंढ्यातली ऐट, सगळं त्या आवाजावर. आणि आता समोरचा दात नाही म्हटल्यावर 'त' म्हणताना जीभ टेकायला जागाच राहिली नाही. हवा फस्सकन बाहेर जायची. 'सात' म्हणायला जावं तर भलतंच काही निघायचं, आणि ज्याला जे हवं ते तो ऐकायचा.

एके दिवशी आप्पांनी तुरीचा सौदा चारशे सातला तोडला, म्हणजे पक्का केला. औशाकडच्या शेतकऱ्यानं चारशे साठ ऐकलं. त्यानं तसं चारचौघांना सांगितलंही, बिडी पेटवली, चहा पाजला. पट्टी हातात आली तेव्हा सात. पट्टी म्हणजे दुकानातून शेतकऱ्याला मिळणारा कागद: माल इतका, भाव इतका, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा, हातात इतके. त्या माणसानं पट्टी आप्पांच्या अंगावर फेकली. "तुमी साठ म्हणलाव! चार माणसं हायत साक्षीला!" माणसं जमली. आप्पा शपथेवर सांगायचे, "सात म्हणलो," आणि ते म्हणतानाही ते साठच ऐकू यायचं. लोक हसायला लागले. शेवटी मालकांनी दुकानाची अब्रू म्हणून साठानं पैसे दिले.

संध्याकाळी त्यांनी आप्पांना गादीवर बसवून घेतलं. मालक वाईट माणूस नव्हते, आमच्याच लिंगायत समाजातले, गळ्यात लिंग, रोज पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे. म्हणाले, "आप्पा, एक महिना देतो, दोन देतो. दात करून घ्या. न्हाईतर पुकारायला दुसरा माणूस बघतो. तुमी गोदामात पोती मोजा." पोती मोजायचं काम नवशिक्या पोरांना द्यायचे. पगार निम्मा. आप्पा घरी आले आणि जेवताना म्हणाले, "मला गोदामात टाकायलेत," आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोवर त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मला मालकांचा असा राग आला की विचारू नका.

आधी स्वस्तातलं करून पाहिलं. गावातल्या गोलाईच्या चौकाजवळ एक दात बसवणारा होता. त्यानं माप घेऊन गुलाबी प्लास्टिकची पट्टी केली, तिला एक दात, शेजारच्या दातांना तारेनं अडकवलेला. आरशात छान दिसायचं. घरी आप्पांनी सराव केला. मी त्यांच्याकडं पाठ करून बसायची, ते म्हणायचे, आणि मी सांगायची काय ऐकू आलं. "सात." "सात." "साठ." "साठ." "सात." "साठ ऐकू आलं आप्पा." "नीट ऐक की पोरी!" "नीट बोला की मग!" चुलीपाशी अव्वा पदर तोंडात कोंबून हसायची. शेजारच्या आजीबाईंना वाटलं आप्पा पाढे शिकायलेत.

तिसऱ्या दिवशी मोंढ्यात, भर सौद्यात, 'चारशे' म्हणून आप्पांनी आवाज लावला आणि दात उडाला. तुरीच्या ढिगात जाऊन पडला. दहा क्विंटल तूर, आणि तिच्यात एक दात. खरेदीदार, हमाल, मापाडी, सगळे गुडघे टेकून तूर चाळायला लागले. ज्याचा माल होता तो ओरडायला लागला, "माझ्या मालात काय काय निघायलंय बघा!" अर्ध्या तासानं एका हमालाला सापडला. त्यानं तो फुंकर मारून, बंडीला पुसून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो परत कधी घातला नाही.

मग कुणीतरी नांदेडच्या दातांच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. तो मोडलेला दात उपटत नाही, वाचवतो, असं म्हणे. अव्वा म्हणाली, "जिल्हा झाला म्हणं! साहेब आला, बंगला झाला, आणि दातासाठी नांदेडला जायचं?" तरी पहाटे उठून तिनं भाकरी बांधून दिल्या. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला होते, म्हणून मला बरोबर नेलं. डॉक्टर इंग्रजीत काही बोलला तर मी समजून घ्यायचं. माझं इंग्रजी किती होतं ते मलाच माहीत, पण मी मान ताठ करून एसटीत बसले. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचेपर्यंत दोन्ही बाजूंची रानं उघडी बोडकी होती, आणि आप्पा प्रत्येक रानाकडं बघून नुसतं "च्‌ च्‌" करायचे, तेही आता नीट व्हायचं नाही.

डॉक्टर तरुण होता, कंधारकडचा, शेतकऱ्याच्या घरचा. त्यानं आप्पांना खुर्चीत आडवं केलं, आरशानं बघितलं, फोटो काढला, आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. मूळ चांगलं आहे. उपटायची गरज नाही. नस काढून आत एक खुंटी बसवायची आणि वरून दाताची टोपी. पण टोपीला धरायला वर दातच शिल्लक नाही, सगळा हिरडीच्या आत आहे. म्हणून आधी हिरडी कापायची, आतलं हाड जरासं घासायचं, आणि हिरडी वर सरकवून टाके घालायचे, म्हणजे आत लपलेला दात थोडा उघडा होईल. मग दीड-दोन महिने हिरडी बसू द्यायची. मगच कायमची टोपी.

"म्हणजे दात नवा न्हाई," आप्पा म्हणाले.

"नाही. तुमचाच आहे. फक्त बाहेर काढायचा."

"माझाच दात. माझीच हिरडी. मग ह्याचे पैशे कशाचे?"

मला हसू आवरेना. पण डॉक्टरला राग आला नाही. त्यानं आकडा सांगितला. मी मनात हिशेब केला. म्हशीचे पैसे होते, ते सगळे दिले तर जेमतेम शंभर उरत होते.

मग आप्पांनी जे केलं त्याची मला तेव्हा इतकी लाज वाटली की मी खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, टेबलावरून डॉक्टरच्या हातावर टाकला, आणि खालून त्याची बोटं दाबली. सवय ती. तोंडानं बोलता येत नाही म्हटल्यावर हात जुन्या वाटेला गेला. मला वाटलं आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार. पण डॉक्टर लहानपणी कंधारच्या बाजारात बापाबरोबर ज्वारी घेऊन गेलेला. तो हसला आणि पंच्याखालून उलटी बोटं दाबली. आप्पांनी पुन्हा दाबली. त्यानं पुन्हा दाबली. मग आप्पांनी पंचा काढून खांद्यावर टाकला.

"काय झालं?" मी विचारलं.

"त्यो हाय तिथंच हाय," आप्पा म्हणाले. "लई कडक माणूस."

तरी आप्पा उठेनात. ते म्हणाले, "एवढा आकडा असा हवेत न्हाई चालायचा. पट्टी करून द्या." आणि खिशातून दुकानाचं पट्टी बुक काढलं. ते कायम त्यांच्या खिशात असायचं. डॉक्टर म्हणाला, तुम्हीच लिहा, मी सांगतो. मी लिहायला बसले. वर छापलेलं होतं, 'मालाचा प्रकार'. मी विचारलं काय लिहू. डॉक्टर म्हणाला, "दात, एक."

मग ओळीनं चाललं. नस काढायचे इतके. हिरडी कापून हाड घासायचे इतके. हाड घासावं लागलं नसतं, नुसती हिरडी कापून भागलं असतं, तर निम्मे. टाके घालायचे आणि काढायचे त्यातच धरले. खुंटीचे इतके. टोपीचे इतके, आणि धातूची घेतली तर कमी, पण समोर चकाकणार. मग डॉक्टर म्हणाला, शेजारच्या दोन दातांची हिरडीही थोडी कापली तर सगळे सारखे दिसतील, नाहीतर हा एकटा लांब दिसेल. त्याचे वेगळे.

"दिसायचं काय करायचंय?" आप्पा म्हणाले. "मला बोलायचंय. ते खोडा."

मी खोडलं. आता हिशेब मला समजायला लागला होता. आधी तो आकडा भिंतीसारखा समोर उभा होता, आणि आता त्याच्या विटा दिसायला लागल्या. कुठली वीट काढता येते आणि कुठली काढली तर सगळं कोसळतं, तेही दिसायला लागलं. आप्पाही खूष दिसले. आणि मग शेवटची ओळ आली. डॉक्टर म्हणाला, "आणि लिहा, इतर."

रक्कम अगदी थोडी होती. पण आप्पांनी माझा हात धरला. "इतर म्हणजे काय?"

डॉक्टर म्हणाला, "ते असतंच हो, काका."

आप्पांचा चेहरा असा झाला की मला वाटलं दुखायला लागलं. हे शब्द त्यांचेच होते. आमच्या मोंढ्यात एक रीत होती. माल तोलताना प्रत्येक पोत्यामागं किलोभर वजन कमी धरायचं. त्याला कडता म्हणायचे. मालात ओल असते, माती असते, म्हणून तेवढा तोडायचा. पट्टीवर त्याची ओळ नसायची, वजनच कमी लिहायचे. एखादा शेतकरी विचारायचा, "हे किलोभर कशाचं?" आणि आप्पा, वीस वर्षं, दर सौद्याला, हसून सांगायचे, "ते असतंयच." मी स्वतः शंभरदा ऐकलं होतं. विचारणारा मान हलवून गप्प बसायचा.

आप्पा डॉक्टरला म्हणाले, "न्हाई. असतंयच म्हणून न्हाई चालायचं. कशाचं ते सांगा."

डॉक्टरनं आधी कपाळाला हात लावला. बाहेर दोन पेशंट बसले होते. मग खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "काका, हे सगळं सामान दर वेळी उकळून घ्यावं लागतं. नळाला चार दिवसांनी पाणी येतं. मी पाणी विकत घेतो. उकळायला रॉकेल लागतं, ते लायनीत उभं राहून आणतो. कापूस, हातमोजे, सुईचं औषध. हे आहे इतर."

"मग पाणी लिहा की!" आप्पा मोठ्यानं म्हणाले. "पाण्याला नाव हाय! पाण्याचे पैशे कोण न्हाई म्हणतंय ह्या साली? पोरी, अव्वाला इचार टँकरवर काय होतंय ते!"

मी 'इतर' खोडून लिहिलं: पाणी, रॉकेल, कापूस, मोजे, औषध. आप्पांनी एका पैशाचीही घासाघीस केली नाही. खाली डॉक्टरनं सही केली, आप्पांनी केली. लातूरच्या मोंढ्याच्या पट्टीवर दाताचा सौदा झाला.

घरी आल्यावर खरा प्रश्न अव्वाचा. आप्पांनी पट्टी तिच्यासमोर ठेवली आणि मी एकेक ओळ वाचून दाखवली. अव्वानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "हिरडी कापायचे एवढे? मी विळीनं कापते की!" मग उठली, पेटी उघडली, आणि गाठोडं आप्पांच्या पुढ्यात आदळलं. "घ्या. माझी म्हैस घ्या. आणि नीट बोला आता. साठ म्हणलाव तर बघा." रात्री मी तिला उसासे टाकताना ऐकलं. चहा त्या दिवसांत आम्ही बिनदुधाचाच प्यायचो, आणि आता तो तसाच राहणार होता.

हिरडी कापली त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते. तासभर लागला. आत काही आवाज नाही, आणि मला उगाच वाटायला लागलं की आपण बापाला नेऊन कुठं बसवलं. बाहेर आले तेव्हा ओठ सुजून भजं झालं होतं. एसटीत त्यांनी पंचा तोंडावर धरला आणि लोह्यापर्यंत डोळे मिटून राहिले. नंतरचे दोन महिने पातळ पिठलं आणि ताकाशिवाय भात. टाके काढायला एकदा, बघायला एकदा, टोपीचं माप द्यायला एकदा, असे नांदेडला हेलपाटे. एसटीचं भाडं पट्टीत नव्हतं. दर खेपेला बुडालेला दिवसही नव्हता. आप्पांनी ते दोन्ही पट्टीच्या मागं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं. मालकांनी तोवर दुसऱ्याला पुकारायला लावलं होतं, आणि आप्पा गोदामात पोती मोजत होते, तोंड बंद ठेवून.

शेवटी टोपी बसली. डॉक्टर म्हणाला होता तसंच झालं, तो एक दात शेजाऱ्यांपेक्षा लांब दिसायचा. घरी आले आणि म्हणाले, "पाठ फिरव." मी फिरवली.

"सात."

मी चुलीपाशी बसलेल्या अव्वाकडं बघितलं.

"काय ऐकू आलं? बोल की!"

"सात, आप्पा."

"म्हैस कशी हाय म्हणावं?" चुलीपासून अव्वा म्हणाली. "बरी हाय का तिथं? वैरण बिरण?" त्यानंतर ती त्या दाताला म्हैसच म्हणायची. "म्हैस धुतली का?" म्हणजे दात घासले का.

पुढच्या सोमवारी मालकांनी आप्पांना पुन्हा पुकारायला उभं केलं. मी त्या दिवशी कॉलेज बुडवून मोंढ्यात गेले, ते ऐकायलाच. दुकानाच्या पायरीवर बसले. निलंग्याकडची एक म्हातारी आली होती, एकटीच, तीन पोती तूर घेऊन. दुष्काळातली तूर ती. आप्पांनी सवयीनं दाणा उचलला, तोंडापर्यंत नेला, आणि थांबले. डॉक्टरनं सांगितलं होतं, त्या दातानं कडक काही फोडायचं नाही. त्यांनी दाणा बोटांत फिरवला आणि म्हातारीच्या हातात परत ठेवला. मग पुकारलं. काय आवाज लागला त्यांचा! सौदा चारशे सतराला तुटला, आणि 'सतरा' पलीकडच्या दुकानापर्यंत गेला. खरेदीदारांनी टाळ्या वाजवल्या. मालक गादीवरून हसत होते.

मग मापाड्यानं पोती काट्यावर घेतली आणि प्रत्येकामागं एक किलो कमी करून वजन सांगितलं. म्हातारीनं ते बघितलं. ती आप्पांकडं वळली. "बाबा, हे किलो किलो कशाचं कापलंव?"

आप्पांनी जिभेनं नवा दात चाचपला. मापाडी म्हणाला, "आप्पा, सांगा की." गादीवरून मालक म्हणाले, "आप्पा, सांगा त्यांना, ते असतंयच." सगळे आप्पांच्या तोंडाकडं बघत होते. मलाही वाटलं, आता ते हसतील आणि म्हणतील. त्या दिवशी तरी म्हणावं असं मला वाटत होतं. दोन महिन्यांनी उभे राहिले होते बिचारे.

आप्पा म्हणाले, "मालक, पट्टीवर काय नावानं लिहू?"

"त्याला कशाला नाव? ओल असती, माती असती."

"माती चाळून काढलीय बाईनं. आणि ओल?" आप्पांनी वरचा ओठ बोटानं उचलला आणि तो लांब दात सगळ्यांना दाखवला. "अवंदाच्या तुरीत ओल असती तर दाणा आन्‌ खडा हातालाच वेगळा लागला असता आन्‌ हा दात मोडला नसता. ओल न्हाई. दाणा बोटांत फिरवून बघितलाय मी." मग म्हातारीकडं वळून, सौदा पुकारायच्या आवाजात, म्हणाले, "बाई, हे कशाचंच न्हाई."

मग मापाड्यानं मान खाली घालून तीन किलो परत वजनात धरले. म्हातारी पट्टी घेऊन गेली. तिला काही झालंय असं वाटलंच नाही, तिनं विचारलं आणि तिला उत्तर मिळालं, एवढंच. पण शेजारच्या ढिगाजवळचे शेतकरी आपापल्या पोत्यांकडं बघायला लागले, आणि मालक गादीवरून उठले.

ते ओरडले नाहीत. आप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दात चांगला बसला तुमचा, आप्पा. लईच चांगला बसला." मग म्हणाले, "उद्यापासून येऊ नका. गोदामातबी नको."

आम्ही दोघं चालत घरी आलो. वाटेत आप्पा म्हणाले, "तुझी फी कधी भरायचीय?" मी म्हणाले, "अजून लई दिवस हायत." फी पुढच्याच आठवड्यात होती.

अव्वा दारात धान्य निवडत बसली होती. दुपारचं आप्पांना बघून तिनं ओळखायचं ते ओळखलं. सूप बाजूला ठेवलं. आप्पांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. नोकरी गेली. म्हैस गेली. आणि दात आहे. मला वाटलं आता अव्वा आकाश डोक्यावर घेणार. मी तिच्या अंगाला हात लावून बसले.

अव्वानं एवढंच विचारलं, "किती मोठ्यानं बोललाव?"

"सगळ्या मोंढ्याला ऐकू गेलं," आप्पा म्हणाले.

"नीट ऐकू गेलं? सात-साठासारखं न्हाई ना झालं?"

"न्हाई. नीट गेलं."

अव्वानं डोळ्याला पदर लावला, आणि मग सूप परत मांडीवर ओढलं. "मग झालं," ती म्हणाली. "माझी म्हैस वाया न्हाई गेली. बसा, पाणी देते."